आतडी बाहेर घेऊन आलेली बाळं

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि अशाच एखाद्या दुपारी ॲम्ब्युलन्समधून आलेलं, जेमतेम काही तासांचं बाळ हाताला गार लागतं. थर्मामीटर ३४ दाखवतो. नवीन सिस्टर्सना हे पटतच नाही, थर्मामीटर बिघडला असेल म्हणून दुसरा लावून बघतात, तोही तेच सांगतो. बाळाची आतडी पोटाबाहेर आहेत, ओली आहेत, वरून एक सुती कपडा गुंडाळलाय, गाडीत एसी नाही म्हणून खिडक्या उघड्या आणि गडचिरोली ते नागपूर म्हणजे साधारण १७० किलोमीटर, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करत करत येणार. एवढा वेळ त्या ओल्या आतड्यांवरून वारा जात राहतो, पाणी उडतं आणि पाण्यासोबत अंगातली ऊबही जाते. आपला घरचा कूलर असाच तर गार करतो, ओल्या ताटीवरून वारा ओढून. फक्त इथे ताटीच्या जागी बाळाचं पोट असतं.

मी नागपुरात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सिस्टर आहे. बाळाच्या पोटाच्या भिंतीतले जन्मजात दोष हा विषय मला लिहायचाच होता, कारण हे बाळ पहिल्यांदा बघणारा माणूस मागे सरकतो, मग तो बाप असो, आजी असो नाहीतर लेबर रूममधली अनुभवी मावशी असो, आणि नेमके तेच पहिले काही तास बाळाच्या सगळ्यात जास्त कामाचे असतात. घाबरून जाण्यात ते निघून जातात.

आधी हे होतं कसं ते सांगते. आपण सगळेच आईच्या पोटात असताना साधारण सहाव्या आठवड्यात आपली आतडी आपल्या पोटात मावत नव्हती. आतडी भराभर वाढतात, पोट तेवढं मोठं झालेलं नसतं, लिव्हरने बरीच जागा घेतलेली असते, म्हणून आतडी नाळेच्या मुळात बाहेर जातात, तिथेच वाढतात, गोल फिरतात आणि दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत आत परत येतात. मी शिकताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून नुसती बसून राहिले होते, इतकं मला ते भारी वाटलं. माझी आतडी, तुमची आतडी, सगळ्यांची आतडी एकदा बाहेर जाऊन आलीत. काही बाळांत ती आत येतच नाहीत, नाळेच्या मुळातच एका पातळ पारदर्शक आवरणात राहतात, कधी लिव्हरही त्यातच असतं. याला एक्झॉम्फॅलॉस किंवा ऑम्फॅलोसील म्हणतात. दुसरा प्रकार गॅस्ट्रोस्किसिस. यात नाळ तिच्या जागी बरोबर असते, पण तिच्या बाजूला, बहुतेक वेळा उजवीकडे, पोटाच्या भिंतीत दोन-चार सेंटीमीटरचं भोक राहतं आणि त्यातून आतडी थेट बाहेर येतात, वर कसलंच आवरण नाही. महिनोन्‌महिने गर्भजलात उघडी राहिल्याने ती सुजतात, जाड होतात, एकमेकांना चिकटतात.

म्हणजे बघायला गॅस्ट्रोस्किसिस जास्त भयंकर. ऑम्फॅलोसील त्यामानाने नीटनेटकं, झाकलेलं, नातेवाईक म्हणतात की फुगा आला आहे नुसता, कापून टाका. आणि खरी गोष्ट बरेचदा उलटी असते. उघड्या आतड्यांचं बाळ बाकी सगळं धडधाकट असतं, हृदय चांगलं, मेंदू चांगला. दहातल्या एखाद्याच्या आतड्यातच कुठेतरी मार्ग बंद असतो, तेवढं सोडलं तर पोट बंद होऊन आतडी चालायला लागली की ते चारचौघांसारखं मोठं होतं. ऑम्फॅलोसीलच्या निम्म्याहून जास्त बाळांत मात्र आणखी काहीतरी सापडतं, हृदयात दोष, नाहीतर क्रोमोझोमचा, ट्रायसोमी १३ किंवा १८ सारखा, म्हणजे त्या नंबरचा एक क्रोमोझोम जास्तीचा. जीभ मोठी दिसली की आम्ही लगेच शुगर बघतो, कारण बेकविथ-विडेमान नावाच्या सिंड्रोममध्ये शुगर खाली जाते आणि फुग्याकडे बघण्याच्या नादात ती राहून गेली तर मेंदूला धक्का बसतो. म्हणून फुगा कापून टाका म्हणणाऱ्या काकांना बाजूला बसवून सांगावं लागतं की ते आवरण आम्हाला सोन्यासारखं आहे, ते फुटू नये म्हणून आम्ही श्वास धरून ड्रेसिंग करतोय, आणि आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होऊ द्या.

आता ते पहिले तास. बाळ जन्मलं आणि आतडी बाहेर दिसली, तर करायचं काम फार मोठं नाही, महागही नाही. स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्यायची, निर्जंतुक असली तर फारच छान, आणि पायाकडून बाळ बगलेपर्यंत त्यात सरकवायचं. पिशवीमुळे पाणी उडत नाही, ऊब राहते, आणि पारदर्शक असल्याने आतड्यांचा रंग दिसत राहतो. बाळ उजव्या कुशीवर ठेवायचं, म्हणजे आतडी एका बाजूला लोंबून त्यांचा रक्तपुरवठा मोडत नाही. नाकातोंडातून पोटात आरटी, म्हणजे बारीक नळी, टाकायची आणि उघडी ठेवायची, नाहीतर पोटात हवा आणि पित्त साठून आतडी अजून फुगतात. तोंडाने काही द्यायचं नाही, मध नाही, घुटी नाही, दूध नाही. शिरेतून सलाईन सुरू करायचं, कारण या बाळांना साध्या बाळापेक्षा पाणी जास्त लागतं, शुगर बघायची, अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायचा आणि निघायचं. कोरडा कापूस किंवा कोरडी गॉज मात्र लावायची नाही. आतड्यांना चिकटलेलं सूत काढणं काय असतं ते मी केलंय. कोमट सलाईन थेंबथेंब सोडायचं, एकेक धागा भिजू द्यायचा आणि चिमट्याने उचलायचा, आणि सर्जन शेजारी उभे राहून हळू, हळू म्हणत असतात, एवढं ते आतडं नाजूक झालेलं असतं.

एकदा गडचिरोलीकडच्या एका पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, बाळ आलं. पिशवीत नीट, उजव्या कुशीवर, आईची धुतलेली साडी पिशवीच्या वरून गुंडाळलेली, डोक्यावर टोपी. सोबत रजिस्टरच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी होती. जन्माची वेळ, वजन २१०० ग्रॅम, आरटीतून हिरवं १५ मिली, शुगर ५८, व्हिटॅमिन के दिलं, लघवी एकदा झाली, आतड्यांचा रंग निघताना गुलाबी, ब्रह्मपुरीला थांबून बघितला तेव्हाही गुलाबी. त्या सिस्टरला मी कधी भेटले नाही पण ती चिठ्ठी मी पुढे किती ट्रेनिंगमध्ये दाखवली असेल. अर्धं ऑपरेशन तिने रस्त्यातच करून पाठवलं होतं असं आमचे सर म्हणाले, आणि ते तोंडदेखलं बोलणाऱ्यातले नाहीत.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतले प्रायव्हेट, सगळीकडे अख्ख्या विदर्भातून आणि वर छिंदवाडा, सिवनी, बालाघाटहून बाळं येतात, कारण एवढ्याशा बाळाचं पोट उघडणारे सर्जन जिल्ह्याजिल्ह्यात नाहीत. बाळ बापासोबत किंवा आजीसोबत येतं आणि आई तिकडेच, टाके घातलेले, दूध दाटलेलं, बाळाचं तोंडही धड बघितलेलं नाही. आणि तिच्या कानावर काय पडत असतं? की तिनेच काहीतरी केलं.

एका आजींनी मला कॉरिडॉरमध्ये धरलं, डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "माया सुनेनं गिराण पाळलंच नाई बाई. मी तं किती सांगतलं, विळ्याले हात लावू नको." गिराण म्हणजे ग्रहण. सून जेमतेम एकोणीसची. मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, आजी, गिराणाने आतडी बाहेर येत नाहीत, विळ्याने नाही, पपईने नाही. हे झालं तेव्हा तुमच्या सुनेचे दिवस गेल्याला दोन-अडीच महिनेच झाले होते, काय चाललंय हे तिलाच काय, कोणालाच दिसत नव्हतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग काहून झालं?"

खरं उत्तर हेच की बहुतेक वेळा एका बाळापुरतं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. गॅस्ट्रोस्किसिस विशीच्या आतल्या आयांच्या बाळांत जास्त दिसतो, हे जगभर दिसलंय, आणि गरोदरपणातल्या तंबाखूच्या धुराशीही त्याचा संबंध आढळतो. पण वय कमी असणं हा त्या मुलीचा गुन्हा कसा, लग्न तिने थोडीच ठरवलं. मला याचा खरंच राग येतो. बाळ वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पलंगावर, झुंजतंय आणि तिकडे त्याच्या आईला कोणी धड जेवायला विचारत नाही. मी प्रत्येक वेळी बापाला फोन लावायला सांगते, स्पीकरवर टाकते आणि सगळ्यांच्या देखत आईला सांगते की ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि आता तुमचं दूध लागणार आहे, दर दोन-तीन तासांनी काढत रहा, नाहीतर आटेल. सासूने ते ऐकायला हवं म्हणून स्पीकरवर.

सर्जरीकडे वळते. आतडी कमी असतील, पोटात जागा असेल तर सर्जन लगेच आत घालून पोट बंद करतात. कधीकधी टाकेसुद्धा लागत नाहीत, नाळच भोकावर झाकण म्हणून बसवायची आणि वरून ड्रेसिंग, २००४ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा छापून आली आणि तिच्यात बेंबीही बरीच नैसर्गिक दिसते. पण बरेचदा आत जागाच नसते. जबरदस्ती कोंबलं तर पोटातला दाब वाढतो, किडनीचं रक्त तुटतं, लघवी बंद होते, पाय निळे पडतात, छाती वर उचलत नाही. मग सायलो. १९६७ साली सॅम्युअल शुस्टर या सर्जननी मोठ्या ऑम्फॅलोसीलसाठी कृत्रिम कापडाचं आवरण शिवून आतडी टप्प्याटप्प्याने आत घालायची पद्धत मांडली, त्यातूनच आजचा सायलो आला. पारदर्शक सिलिकॉनची पिशवी, खालच्या तोंडाला स्प्रिंगची रिंग, ती भोकातून आत बसते आणि पिशवी वॉर्मरच्या दांड्याला वर टांगून ठेवायची. तयार सायलो महाग पडतो, प्रत्येक वेळी मिळतोही असं नाही, म्हणून आपल्याकडे कित्येक सर्जननी निर्जंतुक युरिन बॅग कापून, शिवून सायलो केलेत आणि त्यावर बाळं घरी गेलीत.

आमची ड्युटी म्हणजे त्या पिशवीकडे बघत राहणं. टॉर्च मारायचा. गुलाबी म्हणजे ठीक. जांभळट वाटलं, काळपट वाटलं की रात्री तीन वाजता पण फोन. आतडी स्वतःच्याच वजनाने रोज थोडी खाली उतरतात, सर्जन राउंडला येऊन वरून हलकेच दाब देतात, जेवढं आत जाईल तेवढं, मग पिशवीला टेपची नवीन गाठ खाली सरकवून बांधतात. बाळ रडलं, आखडलं की थांबायचं. नर्सला इथे दोन्ही डोळे दोन ठिकाणी ठेवावे लागतात, एक मॉनिटरवर, एक पायांच्या रंगावर. चार-पाच दिवसांत, कधी आठवड्यात, पिशवी रिकामी होते आणि मग पोट बंद करायला बाळ ऑपरेशन थिएटरमध्ये जातं.

नातेवाईकांना वाटतं झालं, सुटलो. खरी कसोटी तर इथून पुढे. सुजलेली आतडी पोटात गेली म्हणून चालायला लागत नाहीत, दोन आठवडे, तीन, चार, कधी त्याहून जास्त ती गपगार पडून असतात. तोपर्यंत बाळ जगणार कशावर? १९६८ च्या सुमाराला फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतूनच पूर्ण पोषण देऊन आधी कुत्र्याची पिल्लं आणि मग एक अर्भक वाढवून दाखवलं, त्याला आपण टीपीएन म्हणतो. त्याच्या आधी पोट सुंदर शिवलेली बाळंसुद्धा उपाशी जायची. मला सर्जरीच्या शोधांपेक्षाही हा शोध मोठा वाटतो. पण टीपीएन म्हणजे लाईन, शिरेत टाकून ठेवलेली नळी, आणि लाईन म्हणजे इन्फेक्शनची भीती, म्हणून हात धुवा, हात धुवा, असं मी दिवसभर ओरडत असते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आरटीतून निघणाऱ्या पाण्याचा रंग हे आमचं कॅलेंडर. गडद हिरवं, मग फिकट हिरवं, मग पिवळसर, मग नुसतं पाण्यासारखं आणि मोजायला थोडंसं. मग एक दिवस डायपरमध्ये शी. दुसऱ्या कुठल्या खोलीत एवढ्याशा शीसाठी पाच माणसं गोळा होत असतील असं मला वाटत नाही. त्यानंतर आईचं दूध, सिरिंजने, एक-दोन मिली, दर तीन तासांनी. एवढे दिवस काढून काढून फ्रीजमध्ये लेबल लावून ठेवलेलं ते दूध पहिल्यांदा बाळाच्या पोटात जाताना आई समोर असावी असा माझा हट्ट असतो, त्यासाठी मी फीड अर्धा तास पुढे ढकलायलाही सांगते.

सगळी वाचत नाहीत. लॅन्सेटमध्ये २०२१ साली एक मोठा अभ्यास आला, ७४ देशांतल्या २६४ हॉस्पिटलांतला. गॅस्ट्रोस्किसिसने श्रीमंत देशांत १.४ टक्के बाळं दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३१.९ टक्के आणि गरीब देशांत ९० टक्के. दोष तोच, भोक तेवढंच. हे आकडे मी वाचले त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. फरक कशाने पडतो ते आम्हाला रोज दिसतं, बाळ कुठे जन्मलं, किती उशिरा आलं, गार पडून आलं की ऊबदार, रक्तात इन्फेक्शन घेऊन आलं की कसं, टीपीएन मिळालं का, रात्री लक्ष द्यायला सिस्टर किती होत्या.

यातलं बरंच काही पाच महिन्यांच्या सोनोग्राफीत बदलता येतं. १८ ते २० आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये हे दोष बहुधा दिसतात, कधी आधीच, पण बारा आठवड्यांच्या आत आतडी नाळेत दिसली तर घाबरू नका, तेव्हा ती तिथे असणारच. दिसलं तर पुढचं पाऊल म्हणजे लहान मुलांच्या सर्जनना भेटणं, कुठल्या काकूंना किंवा मोबाईलवरच्या फोटोंना नव्हे. ऑम्फॅलोसील असेल तर बाळाचा इको आणि क्रोमोझोमची तपासणी यावर सगळं ठरतं, आणि गंभीर दोष असेल तर कायद्याने गर्भपाताचा मार्ग २४ आठवड्यांपर्यंत आहे, त्यापुढे मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. तो निर्णय त्या दोघांचा, मी त्यात कोणाला पाप-पुण्य शिकवणार नाही. पण नुसता गॅस्ट्रोस्किसिस असताना, बाकी बाळ छान असताना, "हे बाळ राहणार नाही" असं घाईने ऐकून परत जाणारी जोडपी मला माहीत आहेत आणि त्यांना कोणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं. सीझर लागतंच असंही नाही. लागते ती डिलिव्हरीची जागा, जिथे सर्जन त्याच आवारात नाहीतर दहा मिनिटांवर असेल. शेवटचे दिवस नागपुरात नातेवाईकांकडे, खोली करून, कसेही काढा पण बाळ आईच्या पोटातच उमरेड रोड पार करून येऊ द्या.

मोठं ऑम्फॅलोसील, ज्यात लिव्हर बाहेर असतं, त्याचं वेगळंच. तिथे घाई करायची नाही. आवरणावर रोज मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा पोव्हिडोन आयोडीन, आयोडीन असेल तर थायरॉइडवर लक्ष, वरून गॉज, वरून क्रेप बँडेज. काही आठवडे-महिन्यांत आवरण सुकून कडक होतं आणि कडेकडेने कातडी चढत येते. पोटावर मोठा हर्निया राहतो, तो पुढे मूल मोठं झाल्यावर दुरुस्त करतात. पूर्वी मर्क्युरोक्रोम लावायचे, त्यातला पारा बाळाच्या अंगात जातो म्हणून बंद झालं. हे ड्रेसिंग आया घरी करायला शिकतात. भंडाऱ्याकडची एक आई माझ्यापेक्षा सफाईने बँडेज बांधायची, ना घट्ट ना सैल, आणि नवीन आयांना तीच शिकवायची, मी बाजूला उभी राहायचे.

घरी सोडताना मी एकच गोष्ट तीन-तीनदा म्हणवून घेते. हिरवी उलटी झाली तर वाट बघायची नाही, ओवा नाही, गावठी औषध नाही, सरळ निघायचं. कारण या पोटांत आतडी पुढे चिकटू शकतात, पीळ पडू शकतो, महिन्यांनी किंवा वर्षांनीही. मागे यवतमाळकडच्या एका बापाचा सकाळी फोन आला, सिस्टर, पोरीनं उलटी केली. हिरवी का? नाही, पांढरी, दह्यासारखी, पण तुम्ही म्हटलं होतं म्हणून गाडीत बसलोच आहे. बरं केलंत, या, म्हटलं. पोट मऊ होतं, शी झाली होती, एक्स-रे चांगला होता, दूध जरा जास्त पाजलं गेलं होतं. दोन तास बसवून घेतलं, समोर एक फीड दिलं, ते राहिलं, आणि दुपारच्या बसने ते परत गेले.